युद्धकालीन पत्रांतील विनोद : एव्हलिन वॉ यांचे मद्य आणि संयम

पत्र हा चरित्राचा पुरावा मानण्याकडे पत्रवाङ्मयाच्या अभ्यासकाचा कल असतो. पत्रात लेखक मोकळेपणाने बोलतो, म्हणून तो खरे बोलतो, असे त्यामागील गृहीतक आहे. इंग्रजी कादंबरीकार एव्हलिन वॉ (१९०३-१९६६) यांच्या दुसऱ्या महायुद्धातील लेखनाच्या आधारे हे गृहीतक तपासून पाहावयाचे आहे. त्यासाठी मद्यपान आणि संयम हा एकच विषय निवडला आहे. कारण दैनंदिनी, पत्र व कादंबरी या तिन्ही प्रकारांत त्याची रूपे आढळतात.

वॉ १९३९ च्या अखेरीस सैन्यात दाखल झाले. १९४१ मध्ये क्रीटमधील पराभव त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. त्यानंतरचा त्यांचा बराच काळ मात्र निष्क्रियतेत गेला. १९४४ च्या आरंभी एका सेनापतीचे साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पहिल्याच संध्याकाळी ते भोजनगृहात थोडे प्यायलेले होते आणि ही नेमणूक टिकली नाही. सेनापतीच्या लहरीखातर आपण जन्माची सवय बदलू शकत नाही, असे त्यांना सांगितल्याची नोंद वॉ यांच्या दैनंदिनीत आहे. ही मद्यप्याची ऐट आहे आणि पुढील पत्रे वाचताना ती ध्यानात ठेवावी लागते.

त्याच वर्षी वॉ क्रोएशियातील तोपुस्को या गावी ब्रिटिश लष्करी पथकात गेले. पथकाचे प्रमुख पंतप्रधानपुत्र रँडॉल्फ चर्चिल हे होते. ते अखंड बोलत व मनसोक्त पीत. वॉ यांना मात्र तेथील रकिया हे मद्य रुचत नसे. परिणामी त्यांच्या वाट्याला अनिच्छेचा संयम आला. शुद्धीवर असलेल्या माणसाने प्यायलेल्या माणसाची बडबड रात्रंदिवस ऐकावी, ही परिस्थितीच मुळात विनोदी आहे. पण ती भोगणाऱ्याला विनोदी वाटतेच असे नाही. दैनंदिनीत वॉ रँडॉल्फविषयी कडवटपणे लिहितात. तेथे हसू जवळजवळ नाही.

नॅन्सी मिटफर्ड या लेखिका-मैत्रिणीला १२ नोव्हेंबर १९४४ रोजी लिहिलेल्या पत्रात हाच वैताग प्रहसनाचे रूप घेतो. रँडॉल्फ यांना काही तास गप्प बसवावे म्हणून वॉ आणि लॉर्ड बर्कनहेड यांनी त्यांच्याशी वीस पौंडांची पैज लावली : पंधरवड्यात त्यांनी संपूर्ण बायबल वाचून दाखवावे. झाले उलटेच. बायबल प्रथमच वाचणारे रँडॉल्फ इतके उत्तेजित झाले की उतारे मोठमोठ्याने वाचून दाखवू लागले. शांतता विकत घेण्याचा बेत फसला. मिटफर्ड रँडॉल्फ यांना ओळखत होत्या, नात्यानेही जवळच्या होत्या. त्यामुळे स्वभाववर्णनाची गरज नव्हती, एक प्रसंग पुरेसा होता. म्हणजे पत्रातील विनोद हा लेखक आणि वाचक यांच्या सामाईक परिचयावर उभा आहे. दैनंदिनीला असा वाचक नाही, म्हणून तेथे तोच माणूस केवळ असह्य ठरतो.

याच नोव्हेंबरात तोपुस्को येथे वॉ ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ या कादंबरीची मुद्रिते तपासत होते. तीत सेबॅस्टियन या उमद्या तरुणाचा मद्याने झालेला ऱ्हास आहे. तेथे मद्य आधी मैत्रीचा उत्सव असते, मग एकाकीपणाचा आसरा. युद्धकाळातील टंचाईमुळे कादंबरीत खाद्य-मद्याची हाव उतरली, असे पुढे सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत वॉ यांनीच नमूद केले आहे. मैत्रिणीला हसवणारा आणि सेबॅस्टियनची शोकांतिका डोळ्यांखालून घालणारा लेखक एकच आहे, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त तळीराम आणि सुधाकर अशी हास्य व शोक यांची वाटणी एकाच नाट्यकृतीत होते. वॉ यांच्याकडे ती वाङ्मयप्रकारांत विभागली गेली आहे. म्हणून त्यांचे एखादे पत्र सुटे काढून ‘वॉ यांना मित्राच्या व्यसनाची केवळ गंमत वाटे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. केवळ दैनंदिनीवरून ‘त्यांना मित्राविषयी फक्त तिटकारा होता’ असे म्हणणेही तितकेच एकांगी. पत्र खोटे बोलत नाही, पण ते कुणाशी तरी बोलते. पत्र कुणी लिहिले याइतकेच ते कुणाला लिहिले, हेही पत्रवाङ्मयाच्या अभ्यासकाने प्रथम विचारले पाहिजे.