विषय चुकला, दोष कोणाचा?

प्रश्न : अंबडहून एसटीने जालन्यास महाविद्यालयात येतो. सल्लागार प्राध्यापकांनी सुचविलेला विषय झेपत नाही. शेवटची गाडी गाठण्यापायी सायंकाळची प्रात्यक्षिकेही बुडतात. जबाबदार कोण?

उत्तर : २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणान्वये तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात, आणि त्यांची मुख्य, गौण व कौशल्यविषयक वाटणी उलगडून सांगणे हे सल्लागाराचे कर्तव्य खरेच, तथापि अर्जाखालची सही तुमची आहे, आणि शेवटच्या गाडीची हकीकत तुम्ही सांगितल्यावाचून त्यांस कळावी तरी कशी? (गुणपत्रिकेवरून एसटीचे वेळापत्रक ओळखणारे गुरुजी मला अद्याप भेटले नाहीत.) विषयबदलाची मुदत शिल्लक असल्यास उद्याच त्यांना भेटा, मात्र तोंडी होकारावर न विसंबता अर्ज दप्तरी दाखल करून पोच घ्या.