दोरी कुठं लागली?

माझ्या डाव्या भुवईत तीन टाक्यांची खूण आहे. कुणी विचारलं, की "गाडीवरून घसरलो" असं सांगून मी मोकळा व्हायचो. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं स्वतः वळलेल्या दोरीपायी स्वतःचंच कपाळ फोडून घेतलं, हे चारचौघांत कसं सांगायचं? पण हल्ली गल्लीतली दोन-तीन पोरं तिरंदाजीचे पट्टे आणि धनुष्याच्या दोऱ्या कशा करायच्या, ते शिकायला माझ्याकडे येतात. त्यांना आधी आपली फजिती सांगायची आणि मगच हातात कातडं तासायची रापी द्यायची, असं मी ठरवून टाकलंय.

मी धुळ्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले आणि आमच्या पुतण्यानं धनुष्याचा हट्ट धरला. त्यांच्यासारखं कंपाउंड धनुष्य आमच्या खिशाबाहेरचं. म्हटलं, सातपुडा दोन तासांच्या वाटेवर असताना धनुष्याला दुकान कशाला शोधायचं? चोपडा तालुक्यातल्या एका पाड्यावर माझ्या ओळखीचे एक पावरा बाबा आहेत. तीरकामठा त्यांच्या घरात कुऱ्हाड-विळ्याइतकाच रोजचा. त्यांनी बांबूचं धनुष्य करून दिलं. त्याची दोरीही बांबूचीच होती: लांब, चपटी, घोटून गुळगुळीत केलेली कामटी, दोन्ही टोकांना दोऱ्यानं जखडलेली. देताना बाबा एवढंच म्हणाले, "दोरी बदलू नको."

घरी आल्यावर मी सगळ्यात आधी दोरीच बदलली. बांबूची दोरी म्हणजे जुनाट प्रकार, आपण याहून चांगली करू, असं वाटलं. हाताला पट्टा आणि बोटांना कातडं हवं होतं, तेही घरीच करायला घेतलं. पुढच्या काही महिन्यांत तिन्ही वस्तूंनी मला एकेक धडा दिला. ते धडे ज्या क्रमानं मिळाले, त्याच क्रमानं सांगतो.

हाताचा पट्टा

बाण सुटला की दोरी पुढं झेपावते आणि धनुष्य धरलेल्या हाताच्या आतल्या बाजूवर सपकन बसते. त्यासाठी मनगटाच्या वर पट्टा बांधायचा. ही गरज फार जुनी. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या शस्त्रांच्या सूक्तात या पट्ट्याला, म्हणजे हस्तघ्नाला, स्वतंत्र ऋचा आहे आणि त्याला हाताभोवती वेटोळं घालणाऱ्या सापाची उपमा दिलेली आहे. महाभारतातले योद्धे गोधा आणि अंगुलित्राण बांधून लढाईत उतरतात. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या कातड्यावरूनच पट्ट्याला ते नाव पडलं. आज ती हौस कुणी करू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, आणि म्हशीचं कातडं या कामाला उत्तम चालतं.

मी मात्र जुन्या पर्सचं मऊ कातडं कापलं आणि चपलेचं बक्कल लावलं. बक्कल आलं आतल्या बाजूला, नेमकं दोरीच्या वाटेवर. चौथ्याच बाणाला दोरी बक्कलाला अडकली, पट्टा फिरला आणि कोपराच्या आत जांभळ्या-काळ्या रंगाचं टेंगूळ आलं. ते पंधरा दिवस राहिलं. दुसरा पट्टा जाड कातड्याचा केला, पाण्यात भिजवून हाताच्या आकाराचा वाकवला आणि वाळायला मे महिन्यात गच्चीवर ठेवला. खान्देशातला मे, पारा चव्वेचाळीसवर. संध्याकाळी तो घेऊन चपला शिवणाऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी तो दोन बोटांत धरून दगडावर वाजवला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ पट्टा शे का पापड?"

त्याच मामांनी मला कातडं ओळखायला शिकवलं. कापलेली कड बघायची. आत निळसर-करडी झाक दिसली, तर ते क्रोमनं कमावलेलं; ते मऊ राहतं, भिजवून आकार धरत नाही. बाभळीची साल, हिरडा, तरवड अशा झाडपाल्यानं कमावलेलं कातडं आतूनही तपकिरी असतं, पाण्याचा थेंब चटकन पितं आणि तिथं गडद होतं. पट्ट्याला हेच घ्यावं, साधारण तीन मिलिमीटर जाडीचं. कोमट पाण्यात भिजवून बाटलीवर गुंडाळावं आणि सावलीत वाळवावं. पाणी कढत असलं तर कातडं आक्रसतं. वाळल्यावर एरंडेलाचा एकच हलका हात पुरे. जास्त पाजलं तर लिबलिबीत होतं. गुळगुळीत बाजू दोरीकडे, आणि नाड्या, बक्कल, गाठी सगळ्या हाताच्या बाहेरच्या बाजूला. कड रापीनं तासून गोल करावी. मामा रापी ओढायचे तेव्हा कातड्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायची. मी ओढली की ती रुतायची, कारण मी धार लावायचा कंटाळा करायचो.

बोटांचं कातडं

इथली चूक चटकन दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. मी पातळ बकऱ्याच्या कातड्याची एकपदरी चकती केली. हाताला फार छान वाटायची. दोरी मात्र तीन बोटांत तारेसारखी रुतत होती, आणि जोशात मी रोज साठ-सत्तर बाण सोडत होतो. महिन्याभरात मधल्या बोटाच्या शेंड्याला बधिरपणा आला. शर्टाचं बटण लावताना ते जाणवेना. बरं व्हायला दोन महिने गेले.

कातडं दुपदरी करा: दोरीकडे घट्ट, गुळगुळीत कातडं, बोटांकडे मऊ कातडं किंवा जाड नमदा. दोरी जिथून सरकते तिथं एकही टाका येऊ देऊ नका, टाके कडेलाच. शिवण यंत्रावर घालू नका. एका दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया लावून, आरीनं पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी ओवा. अशी शिवण एका जागी तुटली, तरी पुढची उसवत नाही. आणि बोटाला मुंग्या आल्या, की त्या दिवसाचं धनुष्य खाली ठेवा. "आणखी पाचच" म्हणणारा मीच होतो.

दोरी

आता कपाळाची गोष्ट. बांबूची दोरी काढून मी आधी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी लावली. नायलॉन ताणतं. सकाळी बांधलेली दोरी दुपारी सैल पडायची आणि मनगटावर फटके द्यायची. मग सुती दोरा घेऊन, वीस-बावीस पदर एकत्र करून, नुसते पिळून दोरी केली. मेण लावलं नाही. धनुष्याच्या टोकाची खाच चाकूनं कोरली आणि तिची कड तशीच धारदार सोडली. आठवड्याभरात फासाजवळ चार-पाच धाग्यांची लव उभी राहिली. मी ती पाहिली होती. "उद्या बघू" म्हणालो. त्याच संध्याकाळी पूर्ण ओढीत दोरी खाचेपाशी तुटली, ओढलेल्या धनुष्याचा सगळा जोर त्याच्याच अंगात परत गेला, वरचं पातं मधोमध फुटलं आणि त्याची ढलपी भुवईत बसली. डोळा दोन बोटांवर होता. पुतण्या मागं उभा होता, पुढं नव्हता, हे त्या दिवसाचं नशीब.

आजोबा पोळ्याआधी ओसरीवर बसून अंबाडीच्या वाखाचे कासरे वळायचे. ते मी लहानपणी दरवर्षी पाहिलंय, फक्त लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. वाखाचा प्रत्येक पदर ते उजवीकडे पिळायचे आणि दोन पदर एकमेकांवर डावीकडे चढवायचे. उलट्या पिळानं दोन्ही पदर एकमेकांना धरून ठेवतात आणि दोरी सोडली तरी उकलत नाही. धनुष्याची दोरी याच रीतीची हवी. फासही असाच, टोकं मागं वळवून अंगातच गुंफलेला. गाठ मारलेला फास टाळावा, कारण दोरी गाठीपाशीच कमजोर पडते.

ताकदीचा हिशेब घरी करता येतो. शेतात वेचणीचा कापूस मोजायच्या स्प्रिंगकाट्याचा हूक दोरीला लावून धनुष्य आपल्या ओढीइतकं ओढा. माझा काटा साडेतेरा किलो दाखवतो. दोरीनं निदान त्याच्या चौपट वजन पेलावं, म्हणजे चोपन्न किलो. आता चपला शिवायच्या पॉलिएस्टर दोऱ्याच्या एकाच पदराला बादली टांगा आणि एकेक लिटर पाणी ओतत जा. बादलीचं वजन धरून जितक्या किलोला तुटेल, ती एका पदराची ताकद. समजा सहा किलोला तुटला, तर नऊ पदर लागले. पीळ आणि फास थोडी ताकद खातात म्हणून बारा घ्या, सहा-सहाचे दोन. पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा कमी ताणतं, आणि जे थोडं ताणतं ते बांबूच्या टोकांना सोसतं. अजिबात न ताणणाऱ्या नव्या कडक धाग्यांचा हिसका साध्या धनुष्याची टोकं फोडू शकतो.

वळून झाल्यावर मधमाशीचं मेण चोळा आणि कातड्याच्या तुकड्यानं जोरात घासा, म्हणजे उष्णतेनं ते आत मुरतं. बाण बसतो तिथं मधोमध वीतभर दोऱ्याची घट्ट गुंडाळी करा. खाच कानशीनं आणि पॉलिश पेपरनं गोल करा, नखाला धार लागली नाही पाहिजे. दोरी चढवल्यावर धनुष्याच्या मुठीवर आपली एक मूठ टेकवून अंगठा उभा करा. अंगठ्याचं टोक दोरीला जेमतेम लागावं. त्याहून दोरी जवळ आली तर हाताला मार बसणारच. काम झालं की दोरी उतरवा. धनुष्य बंद गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. आणि लव दिसली, की दोरी त्याच क्षणी कापून टाका, म्हणजे "उद्या बघू" म्हणायला जागाच उरत नाही.

पुढच्या होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत, फुटलेलं धनुष्य घेऊन मी बाबांकडे गेलो. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी तुटका तुकडा उलटून-पालटून पाहिला आणि भिंतीवरचं आपलं धनुष्य उतरवलं. दोरी चढवण्याआधी या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठ्याचं नख फिरवलं, कुठं कुसळ उठलंय का ते बघत. मग माझा नवा पट्टा हाताला बांधायला लावून ते मला ओढायला दिलं. समोरच्या सागाच्या बुंध्याला बाण लागला आणि मी खूश होऊन वळलो. बाबा बुंध्याकडे बघतच नव्हते. त्यांनी माझा डावा हात पुढं ओढला आणि पट्ट्यावर उठलेली दोरीची ताजी रेघ बोटानं दाखवली. ती कोपराच्या बाजूला होती. त्यांनी माझा कोपर धरून थोडा बाहेर वळवला आणि म्हणाले, "आता मार."

पुढची रेघ मनगटाजवळ उठली, अगदी पुसट. बाण कुठं गेला, ते मला आठवत नाही.