तित्तर विसरा, बंदूक सांभाळा

प्रश्न : आजोबांच्या पश्चात घरात बारा बोअरची जुनी दुनळी आहे. टिटवाळ्यापुढच्या माळावर तित्तर-लाव्यांसाठी ती चालेल, की हलकी वीस बोअर घ्यावी? – एक वाचक, मोहने

उत्तर : दोन्ही नकोत. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तित्तर आणि लावा दोघेही संरक्षित आहेत. आजोबांच्या तरुणपणी शिकारीचा परवाना मिळत असे. आज तुरुंगवास होईल आणि बंदूकही जप्त होईल.

त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे परवानाधारक गेल्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही. विनाविलंब ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, मग वारस म्हणून ठाणे पोलीस आयुक्तालयात अर्ज करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात.

परवाना मिळाला तरी लगेच बार काढू नका. जुन्या विलायती दुनळ्यांचे चेंबर बहुधा अडीच इंची असते. आजचे 70 मिलिमीटरचे काडतूस त्यात बसते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळीवर लाकडासारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस, भिंतीवरच शोभेल.

उडत्या लक्ष्याचीच हौस असेल तर मातीच्या तबकड्यांचा ट्रॅप किंवा स्कीट हा खेळ आहे. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्येच रौप्य मिळवले. त्यासाठी मात्र बारा बोअरच, एकावर एक नळ्यांची. ट्रॅपला आवळ चोक, स्कीटला मोकळा. वजनाला घाबरू नका, जड बंदुकीचा धक्का कमी बसतो.