पिसे, दवा आणि दुआ

मराठी संतवाङ्मयात ‘पिसे’ हा शब्द उन्मादाचा वाचक आहे, तसाच ईश्वरवेधाचाही. गोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत आणि महानुभाव त्यांना ईश्वरावतार मानीत; एकनाथांच्या भारुडात तर भूतबाधेचे रूपक विठ्ठलालाच लाविलेले आहे. काव्यात हे द्व्यर्थत्व समृद्धीचे लक्षण होय. घरातील मनोरुग्णाला घेऊन देवळाची वा दर्ग्याची वाट धरणाऱ्या कुटुंबापुढे मात्र निराळाच प्रश्न असतो : नवस बोलल्यावर गोळ्या चालू ठेवाव्यात की नाही?

श्रद्धा उपचाराच्या आड येते, हे सुशिक्षितांचे रूढ मत. तमिळनाडूत एरवाडी येथील दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही; २८ जण मृत्यू पावले. त्यानंतर हे मत अधिकच दृढ झाले. (साखळी घालणे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने निषिद्ध ठरले आहे.) तथापि त्याच राज्यातील एका देवळात राहिलेल्या ३१ रुग्णांची रघुराम प्रभृतींनी केलेली पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. नातलगांसह सरासरी सहा आठवडे तेथे राहून, देवळाच्या नित्यक्रमात सहभागी होऊन, औषधांवाचून त्यांची लक्षणे सौम्य झाली होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. छिन्नमनस्कतेत चालू औषध सोडल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो.

या दोहोंचा मेळ गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे घातला गेला. मीरा दातार दर्ग्यात २००८ मध्ये ‘दवा-दुआ’ उपक्रम सुरू झाला. मुजावरच रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. प्रार्थना सोडण्याची अट नव्हती.

येथे भाषेचा एक धागा हाती लागतो. मराठीत ताप उतरतो, विष उतरते, भूतही उतरते. उतरले म्हणजे संपले. मग औषध कशाला? ‘बाधा उतरली’ या समाधानाच्या शब्दांतच गोळ्या बंद करण्याची वाट दडलेली असते. याउलट ‘नेम’ आणि ‘पथ्य’ या शब्दांना समाप्तीची घाई नाही. ठरल्या वेळी, न चुकता, फळाची वाट न पाहता करावयाची गोष्ट श्रद्धाळू घराला अपरिचित नसते. रोजच्या गोळीला त्या घरात तुळशीला पाणी घालण्याशेजारी जागा मिळू शकते. भूत उतरविणाऱ्या एका रात्रीशेजारी ती मिळणे कठीण.