फॉरेन्सिकच्या मागं धावण्याआधी

पदवीचे निकाल लागले की कोडोली, वारणानगर, सातवे, जाखले या पट्ट्यातून एकच प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येतात : "पोरगी फॉरेन्सिक करायचं म्हणते, कुठलं कॉलेज चांगलं?" गेली काही वर्षं हे वाढतच चाललंय. मी उलट विचारतो, मुलीचं बी.ए. झालंय की बी.एस्सी.? उत्तर बहुतेक वेळा बी.ए. असतं.

मग स्पष्टच सांगतो. फॉरेन्सिक प्रयोगशाळा ही रसायनशास्त्राची आणि जीवशास्त्राची जागा आहे. व्हिसेरा, रक्तातल्या अल्कोहोलचं प्रमाण, डीएनए, अहवाल, परत व्हिसेरा. मालिकेतला तो हातमोजे घालून खुनी शोधणारा माणूस तिथं नसतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञानं जाण्याची तरतूद आहे, त्यामुळं माणसं लागणार हे खरंच. पण ती विज्ञान शाखेची. ज्याला रसायनशास्त्राची गोडी आहे त्यानं जरूर जावं. बी.ए. झालेल्यानं वर्षभराच्या ऑनलाइन डिप्लोम्यासाठी बापाच्या ऊसबिलातले पैसे भरू नयेत. त्या कागदावर प्रयोगशाळेत नोकरी लागत नाही.

एलएल.बी., फौजदारपदाची परीक्षा, एम.एस.डब्ल्यू. हे रस्ते सगळ्यांना माहीत आहेत. त्यावर इथं जागा घालवत नाही. ज्या रस्त्याबद्दल कुणीच विचारत नाही तो आहे गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयातली पदव्युत्तर पदवी. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था यातलं जुनं आणि भरवशाचं नाव. तुरुंगातल्या बंद्यांसाठी काम करणारा 'प्रयास' हा प्रकल्प त्याच संस्थेनं 1990 मध्ये सुरू केला. अभ्यासक्रमांची नावं आणि रचना बदलत राहते, म्हणून दरवर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. मला बोलायचंय ते शेवटच्या वर्षातल्या लघुप्रबंधाबद्दल, कारण या शिक्षणाचा खरा कस तिथंच लागतो.

विषय दिल्ली-मुंबईचा लागत नाही. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागं तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे. त्यातले काही जामीन मंजूर होऊनही आतच राहतात, कारण जामीनदार मिळत नाही. जामीनदार म्हणजे काय हे कोडोलीच्या माणसाला शिकवावं लागत नाही : सातबारा, घरफाळ्याची पावती, आणि कोर्टात उभं राहायला तयार असलेला पाव्हणा. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही त्याचं काय? सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलं की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात हे कसं घडतं, कुठं अडतं? एवढा एक प्रश्न लघुप्रबंधाला भरपूर झाला.

दुसरा विषय आटपाडीजवळ आहे. औंध संस्थानानं 1939 मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रयत्नातून स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' त्याच प्रयोगावरून सुचला. चित्रपट सगळ्यांना ठाऊक असतो. पण ज्याला शिक्षा आणि सुधारणा यांचं नातं तपासायचंय, त्यानं ती वसाहत बघितलीच पाहिजे.

आता मार्गदर्शकाचं. विद्यार्थी 'सोपे सर' शोधतात, जे न वाचता सही करतात. असा मार्गदर्शक या विषयात धोक्याचा आहे. एक उदाहरण देतो. कच्च्या कैद्याशी बोलताना नवखा विद्यार्थी पहिल्याच भेटीत विचारतो, "तुम्ही नेमकं काय केलं?" तो माणूस मोकळेपणानं सांगून टाकतो. खटला चालू आहे, आणि आपल्या कायद्यात वकिलाशी झालेल्या बोलण्याला जे संरक्षण आहे ते संशोधकाच्या वहीला नाही. कोर्टानं ती वही मागितली तर? चांगला मार्गदर्शक प्रश्नावलीतून तो प्रश्नच काढून टाकतो. नावाऐवजी खुणेचा क्रमांक लिहायला लावतो, मराठीत संमतीपत्रक करायला सांगतो, दर पंधरवड्याला वही बघतो. कारागृहाची परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच करायला लावतो. परवानगी नाहीच आली तर नातेवाईक, वकील आणि कोर्ट यांच्यावर अभ्यास कसा उभा करायचा हेही आधीच ठरवून ठेवतो.

आणि तयार प्रबंध विकत घेऊन देणाऱ्या पालकांनो, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार साठ टक्क्यांहून जास्त मजकूर उचललेला निघाला तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. मुलाच्या दोन वर्षांचं नुकसान तुम्ही पदरच्या पैशानं करताय.

पालकांना एवढ्यावर सोडता येत नाही. "पोरीची जात, जेलात जायचं म्हणते, उद्या लग्नाच्या बैठकीत काय सांगायचं?" हे मुलगी शेजारी बसलेली असताना बोललं जातं. ती मान खाली घालते आणि मग आठवडाभरात बी.एड.चा अर्ज भरते. शिकवायची आवड असेल तर बी.एड. उत्तमच, पण गप्प बसवून भरायला लावलेल्या अर्जातून चांगली शिक्षिकाही घडत नाही. तुरुंगात, पोलिस ठाण्यात, बालगृहात ज्या बाया आणि लेकरं येतात त्यांच्याशी बोलायला शिकलेलीच माणसं लागतात. महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा संस्थेनं 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केला आणि तो पुढं राज्यभर पसरला. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सखी केंद्रं, परिविक्षा अधिकारी, विधी सेवेचं काम, कैद्यांसाठीच्या संस्था या सगळीकडे हे शिक्षण चालतं. बऱ्याच जागा कंत्राटी आहेत, पगार सुरुवातीला बेताचा असतो. हे माहीत असूनच निर्णय घ्यावा. पण तो मुलीनं घ्यावा.

ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय, म्हणजे सहा जिल्ह्यांची अपिलं आता इथंच चालतील. अभ्यासाला एवढी जवळची संधी मागच्या पिढीला नव्हती.

ज्यांचं मन या विषयाकडे ओढतंय त्यांनी प्रवेश परीक्षेचा अर्ज भरण्याआधी पन्हाळ्याच्या कोर्टात जाऊन बसावं. सुनावणी खुली असते, कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं. कुणाला जामीन मिळाला, किती रकमेचा, जामीनदार आला होता का, एवढंच वहीत लिहावं. नावं लिहू नयेत. आठवडाभर हे करूनही उद्या परत जावंसं वाटलं, तर वही घेऊन माझ्याकडे या. आईवडिलांनाही सोबत आणा.