अंगणात ट्रकचे चाक बदलताना

ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थव्यवहारात अवजड वाहनांना आज महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. गळीत हंगामात शेतातील ऊस कारखान्यापर्यंत पोचवणारे ट्रक, बांधकामासाठी खडी आणि वीट वाहणाऱ्या गाड्या आणि टंचाईच्या दिवसांत वाड्या-वस्त्यांना पाणी पुरवणारे टँकर यांची वाट गावकरी दररोज पाहत असतात. यांपैकी अनेक वाहने लहान मालकांच्या मालकीची आहेत. मालक स्वतःच चालक असतो, रात्री गाडी घरासमोर उभी राहते आणि टायर बसला तर ती दुरुस्त करण्याचे कामही बहुधा अंगणातच उरकले जाते. शहरातील कार्यशाळा दूर असते, खेप चुकवता येत नाही आणि घरात जॅक व पाना हाताशी असतो. त्यामुळे घरच्या घरी काम करण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे.

तथापि, या कामाचे दोन स्पष्ट भाग पडतात व त्यांतील भेद ध्यानात न घेतल्याने गंभीर अपघात घडतात. पहिला भाग म्हणजे बसलेले चाक गाडीवरून काढून त्या जागी स्टेपनी चढवणे. दुसरा भाग म्हणजे रिमवरून टायर उतरवणे, ट्यूब दुरुस्त करणे, टायर पुन्हा चढवणे आणि त्यात हवा भरणे. योग्य साधने व दोन जाणती माणसे असतील तर पहिले काम अंगणात करता येते. दुसरे काम मात्र सुरक्षा-पिंजरा असलेल्या ठिकाणीच झाले पाहिजे. असे का, हे समजून घेण्यासाठी प्रथम टायरमधील हवेचा विचार करू.

हवेच्या दाबाचे गणित

ट्रकच्या टायरवर '१०.००-२०' असे आकडे आढळतात. त्यांतील पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास इंचांत दाखवतो. या मापाच्या नव्या रेडियल टायरवर '२९५/९०' व '२०' असेही आकडे दिसतात. अशा टायरमध्ये सर्वसाधारणपणे दर चौरस इंचास १०० ते १२० पौंड दाबाने हवा भरली जाते. नेमका आकडा टायरचा प्रकार व त्यावरील भार यांनुसार ठरतो. मेट्रिक मापात १०० पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो भार होय.

ऐकताना हा आकडा लहान वाटतो. परंतु दहा सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद अशा तळहाताएवढ्या जागेवर हीच हवा ७०० किलोचा भार टाकते. तीस सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या तुकड्यावर हा भार सहा टनांहून अधिक होतो. शिवाय हवा ही पाण्यासारखी न दबणारी नाही. दाबून भरलेली हवा मोकळी होताच कित्येक पटींनी प्रसरण पावते आणि वाटेत येणारी वस्तू दूर भिरकावून देते. टायरजवळ बसून हवा भरणारा मनुष्य एवढ्या शक्तीच्या समोर बसलेला असतो, ही गोष्ट पंक्चर काढणाऱ्या तरुणांना क्वचितच कोणी समजावून सांगितलेली असते.

रिमची रचना आणि लॉक रिंग

ट्यूब असलेल्या ट्रक-टायरची रिम बहुधा एकाच तुकड्याची नसते. मुख्य बैठक, टायरची कड धरून ठेवणारी बाजूची कडी आणि त्या कडीला अडकवून ठेवणारी लॉक रिंग असे तिचे भाग असतात. काही रिममध्ये शेवटच्या दोन भागांचे काम एकच कडी करते. जड टायर ताणून चढवण्याऐवजी कडी काढून तो सरळ सरकवता यावा, ही या रचनेमागील सोय आहे. परंतु आतील हवेचा संपूर्ण रेटा शेवटी या कड्यांवर व त्या ज्या खाचेत बसतात त्या खाचेवर येतो.

खाचेत गंज किंवा वाळलेला चिखल असेल, कडी वाकलेली किंवा झिजलेली असेल, अथवा एका बनावटीची कडी दुसऱ्या बनावटीच्या रिमवर बसवलेली असेल, तर ती पूर्णपणे बसत नाही. बाहेरून मात्र ती बसल्यासारखी दिसते. हवा भरताना किंवा चाक हाताळताना ती निसटली तर तोफेच्या गोळ्याप्रमाणे बाहेर फेकली जाते. अशा अपघातात डोके, छाती आणि हात यांना जीवघेण्या जखमा होतात. या धोक्याची दखल घेऊन अमेरिकेत १९८० मध्ये अनेक भागांच्या रिमवरील कामासाठी स्वतंत्र सुरक्षा-नियम करण्यात आले आणि १९८४ मध्ये ते एकसंध रिमलाही लागू झाले. पिंजरा, लांब नळी व प्रशिक्षित कामगार हे त्या नियमांचे मुख्य आधार आहेत.

ट्यूबलेस टायरच्या एकसंध रिमला लॉक रिंग नसते, म्हणून तेथे धोका नाही असे समजणे चुकीचे ठरेल. रेडियल टायर कमी हवेवर बराच वेळ चालला, तर त्याच्या बाजूच्या भागातील पोलादी तारा वाकून वाकून तुटतात. पुन्हा हवा भरताना ती बाजू पिशवीची चेन उघडावी तशी एकदम फाटते.

चाक बदलण्याची पद्धत

गाडी रस्त्यापासून दूर, सपाट व टणक जागी उभी करावी. हँडब्रेक लावून इंजिन बंद करावे. जे चाक काढावयाचे नाही त्या बाजूच्या चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळ्यांची उटी द्यावी. माल भरलेला असल्यास शक्यतो उतरवून घ्यावा. चार टायर असलेल्या एका आसावरील भाराची मर्यादा केंद्र शासनाने २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टनांपर्यंत वाढवली. म्हणजे भरलेल्या गाडीत एकेका टायरवर पावणेतीन टनांहून अधिक भार असू शकतो, आणि तो सर्व भार जॅकच्या लहानशा तळावर एकवटतो.

आपल्याकडील काळ्या जमिनीत ही बाब विशेष महत्त्वाची आहे. वरून कोरडी दिसणारी जमीन पावसानंतर आतून मऊ असते व जॅक हळूहळू एका बाजूला कलतो. यास्तव जॅकखाली जाड, अखंड लाकडी फळी ठेवावी. विटा किंवा फरशीचे तुकडे वापरू नयेत, कारण ते भाराखाली फुटतात. जॅक गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच, म्हणजे सामान्यतः आसाखाली लावावा. आस उचलल्यावर त्याखाली भक्कम घोडी किंवा लाकडी ओंडक्यांची रास लावून भार तिच्यावर घ्यावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

नट सैल करण्यापूर्वी टायर व रिम बारकाईने पाहावी. टायर बसलेला असेल, पुरेशा हवेच्या ८० टक्के वा त्याहूनही कमी हवेवर चालला असेल, रिमला तडा दिसत असेल किंवा कडी हललेली वाटत असेल, तर व्हॉल्व्हमधील पिन काढून सर्व हवा सोडावी. मागील जोडचाकांपैकी एकात असा दोष दिसल्यास आतील व बाहेरील दोन्ही टायरांची हवा सोडणे सुरक्षित असते. हवा संपल्याची खात्री करण्यासाठी व्हॉल्व्हच्या छिद्रातून बारीक तार घालून पाहावी, कारण चिखलाने छिद्र बुजल्यास आत हवा शिल्लक राहते.

सर्व नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. काही गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्यापूर्वी नटावरील खूण पाहावी. त्यानंतर चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकेच उचलावे. टायरसह चाकाचे वजन सुमारे १०० किलो असते, म्हणून ते एकट्याने उचलण्याचा प्रयत्न करू नये. चाकाखाली ग्रीस लावलेली पत्र्याची पट्टी सरकवल्यास ते सहज बाहेर ओढता येते. नवे चाक चढवताना पहारीने टायरला खालून किंचित टेकू देऊन रिमची छिद्रे बोल्टांशी जुळवावीत. छिद्रात बोट घालून अंदाज घेणे टाळावे.

बोल्ट, नट व रिमची टेकणारी बाजू गंज आणि रंग काढून स्वच्छ करावी. नट ओळीने न आवळता समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. अनेक मोठ्या ट्रकांना सुमारे ६०० न्यूटन-मीटर इतका आवळ लागतो. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाशी साठ किलो भार दिल्याने जेवढा पीळ बसतो, तेवढा हा होय. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. पान्याला लांब पाइप जोडून त्यावर उड्या मारण्याची पद्धत सोडून द्यावी. त्यामुळे बोल्ट ताणले जाऊन पुढे तुटतात व माणूस घसरून जखमी होतो. गाडी ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासणे आवश्यक आहे.

येथवरचे काम अंगणात होऊ शकते. काढलेले चाक मात्र तेथेच उघडू नये. ते पिंजरा असलेल्या कार्यशाळेत न्यावे.

हवा भरण्याचे नियम

कार्यशाळेत काम करून घेणाऱ्या मालकालाही पुढील गोष्टी माहीत असाव्यात. हवा पूर्ण सोडल्याशिवाय कडीला घण वा टॉमी लावू नये. सर्व भाग तारेच्या ब्रशने साफ करून तपासावेत आणि तडा गेलेला, वाकलेला वा बेजोड भाग बाद करावा. टायरच्या कडेला साबणाचे पाणी किंवा त्यासाठीचे वंगण लावावे. पेट्रोल, डिझेल किंवा अन्य ज्वालाग्राही द्रव कदापि वापरू नये. जोडणी झाल्यावर अगदी थोडी हवा भरून कडी सर्व बाजूंनी बसली आहे काय हे पाहावे. नसल्यास हवा सोडून नव्याने जोडणी करावी. हवा असताना हातोडीने कडी बसवणे हे अशा अपघातांचे एक प्रमुख कारण आहे.

त्यानंतर चाक पोलादी पिंजऱ्यात ठेवून, व्हॉल्व्हला आपोआप पकडून राहणारी चाप व दाबमापक असलेली लांब नळी जोडून, बाजूला उभे राहून हवा भरावी. चाकाभोवती साखळी गुंडाळणे, ते भिंतीकडे तोंड करून ठेवणे किंवा गाडीच्या ब्रेकच्या टाकीतून मापक न लावता हवा घेणे हे पिंजऱ्याचे पर्याय नव्हेत. पिंजराही मान्य बनावटीचा असावा. गावातील वेल्डरकडून अंदाजाने जोडून घेतलेला सांगाडा खोटा विश्वास निर्माण करतो.

टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग करणे किंवा तिला गॅसने तापवणे सर्वथा वर्ज्य आहे. हवा सोडली असली तरी उष्णतेने आतील रबराचे ज्वालाग्राही वायू बनतात व त्यांचा स्फोट होऊ शकतो. गावातील वेल्डिंगच्या दुकानांपर्यंत ही सूचना जाणीवपूर्वक पोचवली पाहिजे.

ग्रामपंचायत व शाळा काय करू शकतात?

ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील हवा भरण्याच्या व पंक्चरच्या दुकानांची यादी करून, कोणाकडे पिंजरा व दाबमापक आहे हे पाहावे. ज्या गावातून हंगामात मोठ्या संख्येने ट्रक जातात, तेथे दुकानदार, वाहनमालक आणि साखर कारखाना यांनी एकत्र येऊन एक पिंजरा उपलब्ध करून देणे कठीण नाही. टँकरची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी कंत्राटदाराकडे सुस्थितीतील स्टेपनी, जॅक व उटी आहेत काय, हे खेपा सुरू होण्यापूर्वीच तपासावे. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार-यांत्रिकी विभागाच्या साहाय्याने एक दिवसाचे प्रात्यक्षिकही घडवून आणता येईल.

शिक्षकांचा वाटाही मोलाचा आहे. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, ही व्याख्या विद्यार्थी पाठ करतात. ट्रकच्या टायरचे वरील गणित त्यांच्याकडून फळ्यावर सोडवून घेतले, तर ती व्याख्या आयुष्यभर स्मरणात राहील आणि घरी वडील-भावांपर्यंतही पोचेल. चाकाचे काम चालू असताना मुले कुतूहलाने भोवती गोळा होतात. त्यांना कडीच्या समोरून दूर ठेवणे हे तेथील प्रत्येक मोठ्या माणसाचे कर्तव्य आहे. दुर्दैवाने अपघात झालाच, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी.

टायर बसला म्हणून एक खेप चुकली, तर ती दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. अर्ध्या तासाचा वेळ वाचवण्यासाठी घरातील कर्ता पुरुष किंवा दुकानात काम शिकणारा मुलगा गमावला, तर ती हानी भरून येत नाही. चाक अंगणात बदलावे, टायर मात्र पिंजऱ्यातच भरावा, एवढा एक संकेत गावागावांत रूढ झाला तरी अनेक कुटुंबांवरील संकट टळेल.