आंबा कलमाची जाड फांदी: तीन कापांत तोडा
जाड फांदी एकाच कापात तोडली तर वजनाने फाटते, साल खोडापर्यंत सोलते. त्या जखमेत भिरूड अंडी घालतो. म्हणून:
१) खोडापासून फूटभर अंतरावर खालून पाव जाडीपर्यंत कापा.
२) त्याच्या २ इंच पुढे वरून कापा. फांदी पडेल.
३) उरलेला खुंट बुडाच्या फुगीर कड्याबाहेर कापा. कडं ठेवा, जखम तिथूनच भरते.
कापावर लगेच बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.
शिडीवरून किंवा खांद्याच्या वर चेनसॉ चालवू नका. पट्टीचं टोक फांदीला लागलं की मशीन उसळून तोंडावर येतं.
मजुरी किती, लाकूड कोणाचं, हे आधीच ठरवा.